सनद कोणी लिहायची? फिलाडेल्फियाचे होमरूल चार्टर

नमस्कार. होमरूल हा शब्द मराठी कानांना नवा नाही. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि तेव्हापासून आपण या शब्दाचा अर्थ एकाच बाजूने लावत आलो: परक्या सत्तेच्या हातून देशाचा कारभार आपल्या हाती घेणे. अमेरिकेच्या नगरप्रशासनात हाच शब्द बऱ्याच लहान, पण अधिक किचकट भांडणासाठी वापरतात. तेथे समोर परके कोणी नसते. एका बाजूला शहर असते आणि दुसऱ्या बाजूला ते शहर ज्या राज्यात आहे त्या राज्याचे विधिमंडळ असते. शहराच्या कारभाराची नियमावली, म्हणजे त्याची सनद, कोणी लिहायची आणि कोणी बदलायची, एवढाच वादाचा मुद्दा असतो. आज आपण हा मुद्दा पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेत संघराज्याचा उल्लेख आहे, राज्यांचा आहे. शहरांचा मात्र कोठेही नाही. त्यामुळे शहराला अधिकार येतात तरी कोठून, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात न्यायालयांपुढे वारंवार आला. आयोवा राज्याचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये त्याचे अतिशय कठोर उत्तर दिले. नगरपालिका ही विधिमंडळाची निर्मिती आहे, तिचा श्वासही विधिमंडळाच्या मर्जीने चालतो, आणि ज्याने तिला जन्म दिला तो तिला संपवूही शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यातूनच पुढे ‘डिलनचा नियम’ रूढ झाला. शहराला कायद्याने स्पष्टपणे दिलेले, त्यातून अपरिहार्यपणे निघणारे, किंवा ज्यांवाचून शहराचे चालणारच नाही असे, एवढेच अधिकार असतात. आणि शंका आली, तर तिचा निकाल शहराच्या विरुद्ध लावायचा. तीनच वर्षांनी मिशिगनचे न्यायाधीश थॉमस कूली यांनी डेट्रॉइटच्या एका प्रकरणात याच्या उलट भूमिका घेतली आणि स्थानिक स्वराज्य हा नागरिकांचा मूळचा हक्क आहे, विधिमंडळाची मेहेरबानी नव्हे, असे मांडले. कूलींचे विवेचन मनाला अधिक पटते, हे मी मान्य करतो. परंतु न्यायालयांत टिकला तो डिलन. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले, आणि ते प्रकरणही पेनसिल्व्हेनियाचेच होते. ॲलेघेनी या शहरातील बहुसंख्य मतदारांचा विरोध असतानाही ते शेजारच्या पिट्सबर्गमध्ये विलीन करण्यात आले, आणि राज्याला तसे करता येते, असे न्यायालयाने सांगितले.

होमरूल चार्टर ही या परिस्थितीतून काढलेली वाट आहे. शहर मुळात राज्यावर अवलंबून असेल, तर राज्याच्याच घटनेत लिहून घ्यायचे की शहराने स्वतःची सनद स्वतः तयार करावी आणि आपल्या मतदारांकडून ती मंजूर करून घ्यावी. मिझुरी राज्याने १८७५ च्या आपल्या घटनेत ही तरतूद प्रथम केली आणि पुढच्याच वर्षी सेंट लुईस शहराने तिचा उपयोग करून घेतला. म्हणजे डिलनचा नियम रद्द झाला नाही; त्याच्याच तर्काने, वरून मिळालेल्या परवानगीच्या आधाराने, शहराने आपल्यासाठी जागा करून घेतली.

फिलाडेल्फियाला मात्र ही वाट फार उशिरा सापडली. या शहराला पहिली सनद १७०१ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक आणि धनी विल्यम पेन याने दिली. येथे ‘दिली’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे, कारण जुनी सनद हे नेहमीच धन्याने दिलेले दान असे. त्या सनदेनुसार नगरमंडळाचे सदस्य आपल्या रिकाम्या जागा आपणच भरत; मतदारांचा त्यात संबंध नव्हता. स्वातंत्र्ययुद्धात ते मंडळ गेले, पण त्यानंतर शहराची नियमावली राज्याचे विधिमंडळ लिहू लागले. १८५४ मध्ये भोवतालची गावे आणि उपनगरे जोडून शहराची हद्द संपूर्ण काउंटीएवढी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाएवढी, करण्यात आली, तीही राज्याच्या कायद्याने.

या व्यवस्थेत शहराची किती कुचंबणा होत असे, याची साक्ष आजही शहराच्या मधोमध उभी आहे. फिलाडेल्फियाचे सिटी हॉल बांधण्यासाठी विधिमंडळाने १८७० मध्ये एक आयोग नेमला. त्याच्या सदस्यांची नावे कायद्यातच घालण्यात आली होती, रिकामी होणारी जागा उरलेल्या सदस्यांनीच भरायची होती, आणि आयोग जेवढा खर्च सांगेल तेवढा पैसा कर बसवून उभा करणे शहराच्या कौन्सिलला बंधनकारक होते. कौन्सिलला ना त्यांना काढता येई, ना त्यांचा हात आखडता येई. असले खास आयोग नेमण्यास १८७४ च्या राज्यघटनेने मनाई केली, तरी आधी नेमलेला हा आयोग टिकला आणि १९०१ पर्यंत काम करत राहिला. इमारत सुंदर आहे, तिच्या मनोऱ्यावर पेनचा सदतीस फुटी पुतळा आहे, आणि तिचा सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च शहरातील करदात्यांनी भरला. तीस वर्षे चाललेल्या या बांधकामावर त्यांचे नियंत्रण मात्र कधीच नव्हते.

यानंतरच्या सुधारणाही राज्याच्याच कायद्यांनी झाल्या. १८८५ च्या कायद्याने महापौराचे अधिकार वाढवले. १९१९ च्या कायद्याने दोन सभागृहांचे अवाढव्य कौन्सिल मोडून एकवीस सदस्यांचे एकच सभागृह केले. त्या सुधारणा वाईट होत्या असे नाही, पण त्या मागायला दर वेळी हॅरिसबर्गला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, जावे लागत असे. १९२२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन शहरांना स्वतःची सनद तयार करण्याचा हक्क देता येईल, असे ठरले. ‘देता येईल’ या दोन शब्दांत सत्तावीस वर्षे गेली, कारण तो हक्क प्रत्यक्षात देणारा कायदा करायचा की नाही, हे विधिमंडळाच्याच हाती होते. अखेर १९४८ मध्ये नगरप्रशासनातील गैरव्यवहार उघड होऊ लागले, लोकांचा संताप वाढला आणि १९४९ मध्ये विधिमंडळाने तो कायदा केला.

सनद तयार करण्यासाठी चार्टर कमिशन बसले. त्याचे अध्यक्ष होते राज्याचे माजी ॲटर्नी जनरल विल्यम श्नेडर. कमिशनने मसुदा तयार केला आणि १७ एप्रिल १९५१ रोजी तो शहरातील मतदारांपुढे ठेवला गेला. मतदारांनी तो मंजूर केला आणि जानेवारी १९५२ मध्ये तो अमलात आला. त्याच सुमारास झालेल्या निवडणुकीत जोसेफ क्लार्क महापौर झाले आणि शहरातील रिपब्लिकन पक्षाची सदुसष्ट वर्षांची सलग सत्ता संपली. सनद आणि सत्तांतर हातात हात घालून आले, हे विसरून चालणार नाही. नियम बदलले आणि ते राबवणारी माणसेही बदलली.

आता सनदेच्या आत काय आहे ते पाहू. कौन्सिलचे सतरा सदस्य आहेत: दहा आपापल्या प्रभागांतून, तर सात संपूर्ण शहरातून निवडले जातात. या सात जागांसाठी कोणत्याही पक्षाला पाचांहून अधिक उमेदवार उभे करता येत नाहीत आणि मतदारालाही पाचच मते असतात. त्यामुळे एखादा पक्ष कितीही प्रबळ झाला तरी दोन जागा दुसऱ्यांसाठी उरतातच. कित्येक दशके या दोन जागा रिपब्लिकन पक्षाकडे होत्या. २०१९ मध्ये त्यांतील एक आणि २०२३ मध्ये दोन्ही वर्किंग फॅमिलीज पार्टी या डाव्या बाजूच्या पक्षाने जिंकल्या. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा पक्ष नव्हता, तो असण्याचे कारणही नव्हते. पण नियमाने त्यालाही जागा करून दिली.

कार्यकारी सत्ता महापौराकडे एकवटली आहे. ही सनद ‘बलवान महापौर’ पद्धतीची मानली जाते. महापौराची मुदत चार वर्षांची असते आणि सलग दोन मुदतींनंतर त्याला थांबावे लागते. दैनंदिन सेवा देणाऱ्या खात्यांवर देखरेख ठेवण्यासाठी तो मॅनेजिंग डायरेक्टर नेमतो; नाव ऐकून एखाद्या कंपनीची आठवण यावी, पण कल्पना अशी की राजकारण महापौराने पाहावे आणि रस्ते, कचरा, अग्निशमन यांची घडी एका व्यावसायिक प्रशासकाने बसवावी. कौन्सिलने केलेला ठराव महापौर नाकारू शकतो आणि तो नकार मोडायला कौन्सिलमध्ये बारा मते लागतात. हिशेब तपासणारा सिटी कंट्रोलर मात्र महापौराने नेमायचा नसतो. त्याला मतदार निवडतात, तेही महापौराच्या निवडणुकीच्या वर्षी नव्हे, तर मधल्या वर्षी, जेणेकरून दोघे एकाच लाटेवर निवडून येऊ नयेत. मला विचाराल तर संपूर्ण सनदेतील सर्वांत हुशारीची तरतूद हीच आहे.

सनदेचे खरे बळ मात्र तिच्या दुरुस्तीच्या प्रक्रियेत आहे. कौन्सिलला दोन-तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवता येते, पण ती अमलात येण्यासाठी मतदारांचा होकार लागतो. १९७८ मध्ये याची कसोटी लागली. फ्रँक रिझो हे पूर्वी पोलीस आयुक्त होते, नंतर महापौर झाले आणि दुसरी मुदत संपत आली तेव्हा त्यांना तिसरी हवी होती. त्यासाठी सलग दोन मुदतींची अट काढून टाकणे आवश्यक होते, म्हणून तो प्रश्न नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढे आला. शहरात त्यांचे चाहते कमी नव्हते. तरीही मतदारांनी दुरुस्ती सुमारे दोनास एक अशा प्रमाणात फेटाळली. अट विधिमंडळाच्या कायद्यात असती, तर तिचा निकाल हॅरिसबर्गमधील काही आमदारांच्या बेरीज-वजाबाकीने लागला असता.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्यपणे होते. १८८८ चा मुंबई महापालिका अधिनियम घडवण्यात फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, तरी तो विधिमंडळाचा कायदा आहे. आयुक्त आजही राज्य सरकार नेमते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महापालिकांना घटनेत स्थान मिळाले, पण त्यांना कोणते अधिकार द्यायचे हे ठरवणे राज्याच्या विधिमंडळावरच सोडले. महापालिकेची नियमावली मतदारांपुढे होय-नाहीसाठी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

परंतु होमरूल मिळाले म्हणजे शहर स्वतंत्र झाले, असे समजणे चूक ठरेल. फिलाडेल्फियाने १९९३ मध्ये काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. शस्त्रांचे नियमन हा संपूर्ण राज्याचा विषय आहे, असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शहराविरुद्ध निकाल दिला. कर बसवण्याचा शहराचा अधिकारही मुख्यतः सनदेतून येत नाही. तो स्टर्लिंग ॲक्ट या १९३२ च्या राज्य कायद्यातून येतो, आणि राज्य ज्यावर आधीच कर घेते त्यावर शहराने घेऊ नये, अशी त्याची अट आहे. २०१७ पासून शहराने गोड पेयांवर प्रत्येक औंसामागे दीड सेंट कर लावला, तेव्हा हा दुहेरी कर आहे की नाही यावर न्यायालयात झगडा झाला आणि २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो कर टिकला.

शाळांची कथा याहून बोलकी आहे. २००१ च्या अखेरीस राज्याने शहरातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाच जणांच्या आयोगाकडे दिला. त्यांतील तिघे राज्यपाल नेमत आणि दोघे महापौर. सिटी हॉलच्या आयोगानंतर शंभर वर्षांनी राज्याचा हात पुन्हा शहराच्या कारभारात आला होता आणि होमरूल चार्टर अस्तित्वात असूनही शहराला तो अडवता आला नाही. सतरा वर्षांनी, २०१८ मध्ये, तो आयोग विसर्जित झाला आणि शाळा महापौराने नेमलेल्या मंडळाकडे परतल्या. मंडळ नेमताना महापौराने कौन्सिलचीही संमती घ्यावी की नाही, हा प्रश्न त्या वर्षीच्या मे महिन्यात सनदेची दुरुस्ती म्हणून मतपत्रिकेवर आला आणि मतदारांनी, घ्यावी, असा कौल दिला.