संविधानात पाण्याचा हक्क घालतो म्हणणारा अपक्ष, अन् दोन तृतीयांशचा घोळ

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारायलेत, की आपल्या लातूरकडचे ते अपक्ष, टमटमवर भोंगा लावून फिरायलेत ते, त्यांनी पत्रकात छापलंय ना, लोकसभेत पाठवा, पाण्याचा अन् रोजगाराचा हक्क थेट संविधानात घालतो, तर हे होतं का खरंच?

नाव घेत नाही. 25,000 डिपॉझिट भरलंय माणसानं, वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त पडली नाहीत तर गेलं.

मूलभूत हक्क म्हणजे संविधानाचा भाग 3, शाळेत झालंय, पुढं चला. नवीन हक्क घालता येतो, 2002 ला शिक्षणाचा घातलाच की, 86वी दुरुस्ती. काढता पण येतो, मालमत्तेचा 1978 ला मूलभूत हक्कातून काढला.

आता खरा घोळ. असा हक्क घालायचा तर संविधान दुरुस्ती लागते, त्याला संसदेत किती मतं पाहिजेत? कमेंटमध्ये जो तो लिहितो "दोन तृतीयांश पाहिजेत". अरे पण कुणाच्या दोन तृतीयांश? हजर राहून मत देणाऱ्यांच्या. अन् त्याच्यासोबत दुसरी अट, सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त. दोन्ही लागतात, एक नाही.

नाही कळलं? आकडे घ्या. लोकसभा 543 ची. 400 जणांनी मत दिलं, 268 बाजूनं. दोन तृतीयांश झाले का? झाले, 267 ला होतात. पण 543 च्या निम्म्याहून जास्त म्हणजे 272. चार कमी पडले, दुरुस्ती पडली! म्हणजे जे घरी बसले, ते पण एका अर्थानं विरोधात मोजले गेले.

तरी नाही? आमच्या गल्लीतल्या बोअरचं घ्या. 20 घरं. मीटिंगला 12 आली, 9 हो म्हणाली. आपण म्हणतो, जमलं. पण नियमच असा केला असता की निम्म्याहून जास्त म्हणजे 11 घरांचा होकार पाहिजे, तर? ती 9 घरं काय करणार, बोंबलत बसणार. अन् हे सगळं राज्यसभेत परत वेगळं करायचं, संयुक्त बैठकीची सोय दुरुस्तीला नाही.

एक भाऊ रोज भांडतो की निम्म्या राज्यांची मंजुरी पण लागते. भाऊ, ती राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकार असल्या कलमांना. भाग 3 त्या यादीत नाही. तिसऱ्यांदा सांगतोय.

अजून एक कमेंट, "नळाला पाणी नाही अन् तू संविधान सांगायलास". मान्य. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या घरी दारामागं वही टांगलेली होती, कुणी किती घागरी घेतल्या त्याची, माझ्या नावापुढं आईनं लाल पेनानं फुली मारलेली, कारण मी डोकं धुतलं होतं.

अन् स्वच्छ पाणी जगण्याच्या हक्कात येतं हे सुप्रीम कोर्टानं 1991 लाच म्हटलंय, कलम 21 खाली. म्हणून मी त्या अपक्षाला हसत नाही, पण विचारणार आहे. शिक्षणाचा हक्क 2002 ला लिहिला, कायदा 2009 ला झाला, लागू 1 एप्रिल 2010 ला. तुमच्या पत्रकात पाण्याचा हक्क आहे, पण कायद्याचं, पैशाचं पान कुठंय? त्यांचा टमटम शनिवारी बाजारात असतो, कॅमेरा घेऊन जातोय. तुमचे प्रश्न खाली टाका, फक्त दोन तृतीयांशचा नको.