‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला इथे का चालत नाही

नमस्कार. आमच्या सांगलीत हळदीची मोठी पेठ असल्यामुळे असेल, पण कोणाचे सांधे धरले की ‘हळदीचे दूध घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला घरोघरी ठरलेला असतो. माझ्या मावशीलाही तो मिळाला. पहाटे परातीत ज्वारीचे पीठ घेतले की तिची मूठ वळत नसे; दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सारखेच सुजलेले असत आणि तासाभराने हात सैल पडल्यावरच भाकरी थापता येई. ‘वय झाले’ म्हणत आम्ही घरच्यांनी दोन वर्षे घालवली आणि तोवर बोटे वाकडी झाली, याची खंत मला आजही आहे. तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता.

या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिला आपले-परके ओळखता येईनासे झालेले असते. छातीच्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. तिथे टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात आणि त्यांपैकी आपल्याच शरीरावर उलटतील अशा बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. तरीही काही निसटतात, आणि त्यांना आवरण्याचे काम नियामक टी पेशी करतात, ज्यांच्यावरील संशोधनासाठी मेरी ब्रंकोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ही व्यवस्था बिघडून हल्ला सांध्यांच्या अस्तरावर झाला तर मावशीचा आजार होतो, स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर झाला तर टाइप १ मधुमेह.

ती बिघडण्याचे एकच कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा संधिवात झाला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. विडी-सिगारेटने धोका वाढतो. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट आढळतो.

आजार मुळापासून जात नाही, मात्र लवकर औषध सुरू केले तर सांधे वाचतात. म्हणून सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि सांधे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. रक्ततपासणीत आरए (ऱ्हुमॅटॉइड) फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो. पहिले औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. तिच्यासोबत फॉलिक ॲसिड दिले जाते, ठरावीक काळाने रक्त तपासले जाते, आणि गरोदरपणात ती अजिबात चालत नाही. गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी, आणि बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड मात्र एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे.

हळद आमटीत खुशाल घालावी, पण ती या गोळीची जागा घेत नाही. मावशीने गोळीसाठी रविवार ठरवला आहे. गोळी घेतली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल फुली मारते, आणि फुली दिसली की घरात कोणी दुसरी गोळी तिच्या हातावर ठेवत नाही.