भूकंपाच्या वर्षीची मुलगी

श्रोतेहो, नमस्कार. दुपारची भांडी आवरून बसला असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज कोवळ्या वयातल्या बाळंतपणाविषयी बोलायचंय. एकच हिशेब ध्यानात ठेवा. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला 116 बाळं जन्माला येत होती. 2019-21 च्या पाहणीत ती 43 झाली. पुन्हा सांगते, 116 वरून 43.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न लांबलं की पाळणा लांबतो. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय 14 ठरवलं, 1978 साली ते 18 झालं. पण ही लग्नं खरी थोपवली ती शाळेनं. माझं स्पष्ट मत आहे, गावात पोरींना शाळेला नेणारी सकाळची एसटी वेळेवर येणं हे माझ्या दहा भाषणांपेक्षा मोठं काम आहे.

आता वयाची गोष्ट. मी औसा तालुक्यात उपकेंद्रावर नर्स होते. 2009 ची दिवाळी नुकतीच झाली होती. सातव्या महिन्यातली पहिलटकरीण माहेरी आलेली. बरोबर आई, आणि आईची आई. मी वय विचारलं. पोरगी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "एकोणीस." मी पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीनं, कारण आमच्याकडे येणारी प्रत्येक लेक एकोणीसच असायची. सतरा नाही, अठरा नाही, एकोणीस!

पोरीचे हात बघितले. काडीसारखे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात. मग मी म्हातारीकडे वळले आणि सहज विचारलं, "आजी, भूकंपात तुमचं घर पडलं का हो?"

झालं. म्हातारी पदर सावरून बसली. "पडलं की! गणपती बुडवून माणसं निजली व्हती. पाटंचं झोळी हलाया लागली. मला वाटलं, लेक उठून पोरीला झोका देतीया. म्हनलं, निज की गं, तान्ही उठल. तर लेक माझ्या शेजारीच घोरत व्हती! तशीच उठले, झोळीतनं हिला उचलली, भाईर आले, आन् मागं भिंत बसली. महिन्याचीबी नव्हती ही."

आणि म्हातारी थांबली. तिला कळलं, आपण काय बोलून गेलो. लेक तिच्याकडे अशी बघत होती की विचारू नका. मी बोटं मोजली. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993. म्हणजे पोरगी सोळाची. एकोणीस खोडलं, सोळा लिहिलं, पेनानं. बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात करवलं. मुलगी झाली, एक किलो नऊशे ग्रॅमची.

तेव्हापासून मी कुणाला वय विचारत नसे. भूकंप विचारायची, दुष्काळ विचारायची. हल्ली टॅबमध्ये जन्मतारखेचा चौकोन असतो, पण टॅबला म्हातारीशी गप्पा मारता येत नाहीत. आणि लग्नपत्रिका बघा. "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या दीड वर्षाच्या भाच्याचंसुद्धा नाव छापतात, नवरीची जन्मतारीख तेवढी छापत नाहीत. असो.

वेळ थोडा उरलाय. महाराष्ट्राचं सांगते. 2019-21 च्या पाहणीत 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या साधारण साडेसात मुली आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. त्याआधीच्या, 2015-16 च्या पाहणीत सव्वाआठ. म्हणजे उतार आहे, पण आता चाल मंदावलीय. ऊसतोडीला जोडपं लागतं, एक कोयता म्हणजे नवराबायको, म्हणून हंगामाआधी घाईनं अक्षता पडतात. मुलगी मोठी झाली, पाचटाच्या कोपीत तिला एकटी कशी ठेवायची, हीही भीती असते. आणि अक्षता पडल्या की सासर वर्षभरात पाळण्याची वाट बघतं. नव्या जोडप्याला तांबीचं, गोळ्यांचं सांगायला गेलं तर सासू म्हणते, आधी एक होऊ द्या. पहिलं लांबवा, पहिलं लांबवा, हे मी ओट्याओट्यावर बसून सांगितलंय.

ती एक किलो नऊशेची पोरगी आता अकरावीला आहे. परवा तिच्या पणजीला भेटले. म्हटलं, आजी, आता तुमचं स्वतःचं वय सांगा. म्हणाली, "भात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जात व्हते, तवा हिची आजी पोटात व्हती."

"तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"ते कुनी लिवून ठिवलंय, बाई?"