स्कीइंगला अर्धाच दिवस आहे? मग सकाळ घ्यायची की दुपार?

(उताराच्या पायथ्याशी, मागे लिफ्ट चालू आहे)

नमस्कार. समोर बर्फाचा डोंगर आहे, तुमच्या हातात चार तास आहेत आणि तिकीट खिडकीवर विचारतायत, अर्ध्या दिवसाचा पास सकाळचा देऊ की दुपारचा? बहुतेक जण याचं उत्तर झोपेवरून देतात. जाग आली तर सकाळ, नाही आली तर दुपार. मला वाटतं हे उत्तर बर्फ बघून द्यावं. आजचा व्हिडिओ मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आधी एक हिशेब करू. समजा रांगेत पाच मिनिटं गेली, लिफ्टनं वर जायला दहा आणि घसरत खाली यायला पाच. म्हणजे एक फेरी वीस मिनिटांची. चार तासांतला एक तास बूट, सामान आणि विश्रांतीत गेला असं धरा. उरले तीन तास, म्हणजे नऊ फेऱ्या. त्यात प्रत्यक्ष उतरणं किती? पाऊण तास! हा पाऊण तास चांगल्या बर्फावर मिळाला तर दिवस सार्थकी लागतो. नाही तर नुसतीच दमणूक.

आता बर्फाबद्दल. रात्री लिफ्ट बंद झाल्या की ग्रूमिंगची मशीन उतारावरून फिरतात. दिवसभरात झालेले खड्डे आणि ढीग मोडतात, बर्फ दाबून सपाट करतात. सकाळी त्यावर कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक रेघा दिसतात. ऐन हिवाळ्यात, थंडी टिकून असेल तर, पहिले दोन तास हे कापड जवळजवळ कोरं असतं. स्की कुठे अडखळत नाही, कडा नीट धरते. दुपारपर्यंत शेकडो जणांनी तेच उतार खरवडलेले असतात. मधे घट्ट, गुळगुळीत पट्टा उघडा पडतो आणि भुसभुशीत बर्फ बाजूला साचतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत सकाळ घ्या.

वसंतात मात्र गणित उलटं होतं, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. दिवसा ऊन बर्फ वितळवतं, रात्री तेच पाणी गोठतं. सकाळी आठ वाजता उतारावर बर्फ नसतो, जवळपास काच असते. तिथे पडलात तर हाडाला लागतं आणि थांबायला काही सापडत नाही. दोन-तीन तासांच्या उन्हानं वरचा थर सैल होतो, दाणेदार होतो, आणि मग काही वेळ असा बर्फ मिळतो की शिकणाऱ्यानंही सहज वळावं. पुढे तो फारच ओला झाला की स्कीला चिकटतो, गुडघ्यांवर ताण येतो. म्हणजे वसंतात उशिराची सकाळ ते दुपारची सुरुवात हा खरा काळ. दुपारचा पास बाराच्या आसपास सुरू होत असेल तर तो घ्यायला हरकत नाही. आधी कळ काढा.

ऊन सगळ्या उतारांवर एकाच वेळी येत नाही, हेही लक्षात ठेवा. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, पश्चिमेकडचा शेवटी. नकाशावर उतारांच्या दिशा बघा आणि उन्हाच्या मागे मागे जा. ढगाळ दिवशी वेगळीच अडचण येते. सावल्याच नाहीशा होतात आणि पांढऱ्यावर पांढरा खड्डा दिसत नाही. अशा वेळी झाडांमधून जाणारा उतार निवडा. झाडांच्या गडद रंगामुळे उतार-चढाव कळतो.

(बूट हातात घेऊन)

आता हे बूट. या व्हिडिओतलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर बूट ठेवा. माझा पहिला अर्धा दिवस बुटांनीच खाल्ला. दोन जाड मोजे घातले, एक साइज मोठा बूट घेतला, कारण दुकानात तो आरामदायी वाटला. उतारावर टाच आत वर-खाली व्हायला लागली. मी वळायला सांगतोय आणि स्की ऐकतच नाही. शेवटी बूट बदलून आणण्यात तासभर गेला.

तर, मोजा एकच, पातळ आणि लांब. आतली थर्मल पँट बुटात कोंबू नका, तिची घडी नडगीला कापते. ताठ उभे राहिलात की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. घोट्याजवळ घट्ट, पण बोटं हलवता येतात, असा बूट योग्य.

बायंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, लावून देताना तुमचं वजन, उंची, वय आणि किती चांगलं स्की करता हे विचारतात. खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोर पडला की सुटावा, हे त्या आकड्यांवर ठरतं. वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटेल. कौशल्य वाढवून सांगितलं तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, आणि पिळा गुडघ्यात जाईल.

डोंगरावर थंडी असली तरी उन्हाला कमी लेखू नका. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. गॉगल ढगाळ हवेतही हवाच.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? सगळ्यात सोप्या उतारावर जायचं, येत असलं तरी. नवखे असाल तर मॅजिक कार्पेट, म्हणजे सरकता पट्टा, तिथेच थांबा. स्नोप्लाउ शिका: पुढची टोकं जवळ, मागची लांब, पाचर केल्यासारखी. डावीकडे वळायचं असेल तर भार उजव्या पायावर द्यायचा. उतार बघून शरीर आपोआप मागे झुकतं, ती भीती साहजिक आहे. पण मागे झुकलात की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळवायला काही हातात राहत नाही. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून धरा. वेग कमी करायचा असेल तर वळण पूर्ण करा, उताराला आडवे या. मला विचाराल तर पहिल्या अर्ध्या दिवसात प्रशिक्षकाचा एक तास घ्याच. त्या एका तासात जे सुधारतं ते एकट्यानं चार तास पडून सुधारत नाही.

(चेअरलिफ्टकडे बघत)

ही चेअरलिफ्ट. पहिली १९३६ साली अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीत सुरू झाली. ती बनवणाऱ्या जेम्स करन या अभियंत्यानं आधी जहाजांवर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रणेचं काम केलं होतं. आकड्याला घड लटकतो तिथे त्यानं खुर्ची लावली. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली. बसताना पोल, म्हणजे हातातल्या दोन्ही काठ्या, एका हातात, नजर मागून येणाऱ्या खुर्चीवर. बसल्यावर बार खाली. वर उतरताना स्कीची टोकं उचला आणि उतरल्यावर तिथेच उभे राहू नका, मागची खुर्ची येतेच आहे.

उतारांचे रंग जपून वाचा. उत्तर अमेरिकेत हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. शिवाय रंग त्या त्या रिसॉर्टपुरता असतो. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या निळ्यापेक्षा बराच तीव्र निघू शकतो.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं १९६७ साली केलेले दहा नियम आहेत. त्यातला एक मनात पक्का करा: पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क आधी. तो कुठे वळणार हे वरच्यानं ओळखायचं. आणि थांबायचं ते कडेला, अरुंद जागी किंवा चढावाच्या पलीकडे दिसत नाही तिथे कधीच नाही.

आता पायांबद्दल, कारण अर्ध्या दिवसाचा खरा फायदा मला इथे दिसतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, जिना उतरताना होतं तसं. अशा कामानं स्नायू लवकर थकतात आणि दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. थकलेली मांडी आधी दुखून नाही, हालचालीला उशीर करून सांगते. वळण अर्धा क्षण मागे पडतं, स्की एकमेकींवर चढायला लागतात. हे दिसलं की थांबायचं.

एकदा माझा पास एक वाजता संपत होता. पावणेएक वाजले होते, रांग रिकामी होती आणि मी म्हटलं, एक शेवटची. वरती पोचल्यावर पाय थरथरत होते आणि ज्या उतारावर सकाळी मी सहज वळलो होतो, तिथे दुसऱ्या वळणाला स्की अडकली. अंगठा पोलच्या पट्ट्यात पिरगळला. दोन आठवडे बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं. तेव्हापासून पास संपायच्या अर्धा तास आधीची फेरी मी शेवटची धरतो, आणि शेवटची फेरी दिवसातल्या सगळ्यात सोप्या उतारावर करतो.

आणि वर पोचल्यावर पाय नाही म्हणाले तर? लिफ्टवरच्या माणसाला सांगा. गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, असेल तर त्यातून खाली येता येतं. अनेक चेअरलिफ्टवरूनही बसून खाली आणतात, ते थोडी गती कमी करून तुम्हाला बसवतील. मी दोनदा असा आलोय, स्की काढून हातात धरून. खालून वर येणारे लोक हात हलवत होते.