हवेची तोफ

(पडद्यावर: शीतपेयाचा डबा, अतिमंद गतीत)

हा टेबल टेनिसचा चेंडू. वजन 2.7 ग्रॅम. डब्याच्या एका अंगाने शिरला, दुसऱ्या अंगाने बाहेर पडला. चेंडूच्या चिंधड्या झाल्या, पण डबाही आरपार छेदला गेला.

या तोफेत दारू नाही, गॅस नाही, ठिणगी नाही. एक पारदर्शक नळी, दोन्ही तोंडांवर ताणून बसवलेले प्लास्टिकचे पडदे आणि एक निर्वात पंप. आतली हवा काढून घेतली की पडदे कसे आत ओढले गेलेत, बघा. आता चेंडूमागचा पडदा टोचला...

(फैर)

ढकललं बाहेरच्या हवेने. 40 मिलिमीटर व्यासाच्या चेंडूवर वातावरणाचा दाब सुमारे 127 न्यूटनचा रेटा देतो, म्हणजे जवळपास 13 किलोचा भार. एवढ्याशा चेंडूला तो मिळाला की सुरुवातीचा प्रवेग गुरुत्वाच्या 4,800 पटींच्या घरात जातो.

तो टिकत मात्र नाही. ही चित्रफीत पुन्हा एकदा, सावकाश. चेंडूमागून आत घुसणारी हवासुद्धा पळवावी लागते आहे, आणि दोन मीटरच्या नळीत मावणारी हवा भरते 3 ग्रॅम. चेंडूपेक्षा जड! नळी कितीही लांबवा, वेग सेकंदाला 290 मीटरच्या आसपास अडतो: दाबाला घनतेने भागा, वर्गमूळ काढा, तोच आकडा येतो. पंप बदलून काही साधत नाही, पोकळीहून पोकळ काय असणार? 2013 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात चेंडूमागे दाबाखालची हवा साठवली आणि वाटेत आधी निमुळतं, मग रुंद होणारं नॉझल बसवलं. चेंडूचा वेग सेकंदाला 400 मीटरच्या पुढे गेला, आवाजाच्याही पुढे.

(पडद्यावर: मोजपट्टीची पार्श्वभूमी, उडणारा चेंडू)

नळीबाहेर तीच हवा आडवी येते. सेकंदाला 250 मीटरने सुटलेल्या चेंडूत ताशी 115-120 किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी ऊर्जा असते. पाच-सहा मीटरांत वेग निम्म्यावर येतो, ऊर्जा पाव उरते.

हे मोजायची रीत जुनी आहे. 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने ती छापून मांडली. जड लाकडी ठोकळा टांगायचा, गोळी त्यात रुतू द्यायची, झोका किती गेला ते बघून वेग काढायचा. ठोकळा दूर दूर नेत त्याने दाखवलं की हवेचा विरोध त्या काळच्या तोफा डागणाऱ्यांच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. आवाज कुणीही काढेल. झोका मोजणारा विरळा.

(पडद्यावर: बटाटा, कोलांट्या खात)

गोल चेंडूचं गणित जमतं. बटाटा मात्र दर कोलांटीला हवेपुढे वेगळी बाजू करतो, म्हणून एकाच नळीतून, एकाच दाबाने सुटलेले दोन बटाटे वेगवेगळ्या जागी पडतात.

भोपळ्याची अडचण निराळी. अचानक रेटा दिला तर तो नळीतच फुटतो. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये भोपळे फेकायची स्पर्धा व्हायची, आणि जमिनीवर पडेपर्यंत भोपळा अखंड राहिला तरच फेक धरली जायची. म्हणून तिथल्या हवेच्या तोफांना लांबच लांब नळ्या, धक्का लांबीभर वाटून द्यायला. 2016 मध्ये एका तोफेचा भाग उडून माणसं जखमी झाली, पुढे स्पर्धा तिथून हलली.

(पडद्यावर: विमानाची काच)

आणि हे विमानाचं काम. अमेरिकी नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानाच्या चालककक्षाची समोरची काच 1.8 किलोच्या पक्ष्याच्या धडकेला पुरली पाहिजे, पक्षी आत येता कामा नये. हवेच्या तोफेतून मेलेली कोंबडी डागून ते तपासतात. विमानाच्या वेगाला पक्ष्याचं शरीर द्रवासारखं पसरतं, त्यामुळे प्राथमिक चाचण्यांत जिलेटिनचा गोळाही चालतो. त्याला हाडं नाहीत, पिसं नाहीत, आणि दर वेळी वजन, आकार तोच. काच बदलली की निकाल कशामुळे बदलला, हे तेव्हाच सांगता येतं.