ती झोप नव्हे

मंडळी, सुरुवातीलाच तुम्हाला एका आवाजाबद्दल सांगते. घोरल्यासारखाच असतो, पण घशात पाणी अडकल्यासारखा गुरगुरतो आणि मधेच थांबतो. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी बावीस वर्षं परिचारिका होते. एका पहाटे एक आई मुलाला रिक्षात घालून घेऊन आली. ओठ जांभळे, नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ती एकच सांगत होती, "रात्रभर घोरत होता हो सिस्टर. म्हटलं, झोपू दे, किती दिवसांनी शांत झोपलाय." दीड महिन्यापूर्वी तो व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला होता. आम्हाला तो वाचवता आला नाही. त्या आईचं काहीही चुकलं नव्हतं. ती झोप नव्हे, नशा जास्त झाल्याने श्वास मंदावतोय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गर्द (ब्राउन शुगर), अफू, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या ही सगळी एकाच, अफूच्या कुळातली. मेंदूच्या तळाशी श्वास चालू ठेवणारं केंद्र असतं, ही द्रव्यं त्यालाच मंदावतात. जोडीला दारू किंवा झोपेची गोळी असली, मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती असली, तर श्वास आणखी लवकर मंदावतो. पोरं म्हणतात, "दोन्ही थोडं थोडंच घेतलं होतं." दोन्ही थोडं थोडंच जीव घेतं.

पण आज मला सर्वांत जास्त बोलायचंय ते घरी परतलेल्या माणसाबद्दल. रोज घेणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. केंद्रात किंवा तुरुंगात काही आठवडे सुटलं की तो सराव मोडतो. मन मात्र जुनंच माप लक्षात ठेवतं. एखाद्या वाईट संध्याकाळी तो पूर्वीइतकंच घेतो आणि तेवढंच आता त्याच्या शरीराला पेलत नाही. आपण समजतो, सुटलं, आता धोका टळला. खरं तर हेच दिवस सर्वांत धोक्याचे. सुटल्यावर पुन्हा घेतलं जाणं हा या आजाराचाच भाग आहे. तेव्हा त्याला रागावून दार लावून एकटं सोडू नका. बंद खोलीत पडला तर मदत करायला कुणी नसतं.

तर तो आवाज ऐकू आला की काय करायचं? नावाने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासा. जागा होत नसेल तर १०८ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबला असेल तर फोनवर सांगतील तसं छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करा. लिंबू, ताक, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. शुद्ध नसलेल्याच्या घशातून ते सरळ फुप्फुसात जातं. आणि डॉक्टरांना खरं सांगा, काय घेतलं, कधी घेतलं. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन अफूच्या कुळातल्या द्रव्यांचा परिणाम काही मिनिटांत उतरवतं. ते दिल्यावर रुग्ण उठून बसला तरी त्याला लगेच घरी नेऊ नका. औषधाचा जोर तासा-दीड तासात ओसरतो, गर्द अजून अंगात असू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

पोलिसांच्या भीतीने लोक उशीर करतात, हे मला ठाऊक आहे. जबाब होईल, नाही असं नाही. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातच, कलम ६४अ आहे. स्वतःसाठी थोडं बाळगणारा किंवा घेणारा व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

उद्या ३१ ऑगस्ट, आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागरूकता दिन. २००१ साली मेलबर्नमध्ये सॅली फिन यांनी अशा मृत्यूंची आठवण म्हणून हा दिवस सुरू केला. आपल्याकडे यांच्यासाठी शब्द आहे 'गर्दुल्ला', आणि तो ऐकला की घरची माणसं मान खाली घालतात, शेजाऱ्याचं दार ठोठावत नाहीत. हा शब्द मी वापरत नाही, तुम्हीही टाकून द्या. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. आत्ताच फोनमध्ये साठवा, मी थांबते.

झालं? मग ती सतरंजी पुढे ओढा. कुणीतरी येऊन आडवं व्हा, आणि तुम्ही मागच्या रांगेतल्या ताई, त्यांना कुशीवर वळवायला तुम्ही या. आधी तिकडचा गुडघा वर दुमडायचा.