पिरेनीज ओलांडून गेलेला पोर्तुगाल

श्रोतेहो, नमस्कार.

पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला वसईचा किल्ला आठवतो, चिमाजी अप्पांची मोहीम आठवते, गोवामुक्तीचा लढा आठवतो. म्हणजे सत्ता गाजवणारे पोर्तुगीज. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या वाट्याला सत्ता कधी आलीच नाही. ही पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या आणि मधल्या डोंगराळ मुलखातली, मिन्यू, बेइरा, त्राज-उज-मोंतिश या भागांतली शेतकरी माणसं. ती रातोरात गाव सोडून फ्रान्सला गेली.

का गेली? १९६१ साल घ्या. त्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अंगोलात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढे गिनी, मोझांबिकमध्येही युद्ध पेटलं. हुकूमशहा सालाझार वसाहती सोडायला तयार नव्हता. त्याच्या हट्टापायी गावोगावची पोरं सक्तीने आफ्रिकेत लढायला पाठवली जात होती. घरी जमिनीचे लहान लहान तुकडे, त्यावर पोट भरेना. पासपोर्ट मिळणं महाकठीण, आणि परवानगीशिवाय देश सोडणं हा गुन्हा. मग लोक चोरवाटेने निघाले. त्यांच्या भाषेत याला ‘उडी मारून जाणं’ म्हणत. स्पेन पार करायचा, पिरेनीज पर्वत ओलांडायचा आणि फ्रान्सच्या हद्दीत शिरायचं.

या प्रवासातली एक पद्धत ऐकण्यासारखी आहे. निघताना माणूस स्वतःचा फोटो मधोमध फाडायचा. एक तुकडा स्वतःजवळ, दुसरा घरच्यांकडे किंवा वाटाड्याकडे. सुखरूप पोहोचला की तो आपला तुकडा मागे पाठवायचा. दोन्ही तुकडे जुळले, की घरचे वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करायचे. पत्र लिहिता न येणाऱ्या माणसालाही हा निरोप धाडता येत होता. परक्याच्या हाती जीव देताना गरिबांनी स्वतःच शोधलेला हा करार होता, आणि मला त्यांच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटतं.

१९५७ ते १९७४ या काळात सुमारे ९ लाख पोर्तुगीज फ्रान्समध्ये आले. त्यातले निम्म्याहून अधिक असे बेकायदा आलेले. १९६० ते १९७० या दशकात पोर्तुगालची लोकसंख्या चक्क घटली. समुद्रापलीकडचं साम्राज्य टिकवण्यासाठी झगडणाऱ्या सरकारची स्वतःच्या देशातली गावं ओस पडत होती.

पॅरिसजवळ शांपिन्यी इथे मोठी झोपडपट्टी वसली. फळ्या, पत्रे, डांबरी कागद आणि गुडघाभर चिखल. दहा हजारांहून जास्त लोक तिथे राहत, बहुतेक पोर्तुगीज. शांपिन्यीचे तेव्हाचे महापौर लुई तालामोनी यांनी त्यांना हुसकावलं नाही. पाण्याची, कचरा उचलण्याची सोय करून दिली. २०१६ मध्ये तिथे तालामोनी यांच्या सन्मानार्थ स्मारक उभं राहिलं. एवढ्या वर्षांनी उपकाराची आठवण ठेवणारी ही माणसं आहेत.

पुरुष बांधकामावर जात. बायका पॅरिसच्या इमारतींमध्ये द्वारपाल म्हणून राहत, लोकांच्या घरची साफसफाई करत. तळमजल्यावरच्या एवढ्याशा खोलीत संसार, जिन्याची झाडलोट, टपाल वाटणं. याच खोल्यांत सुकवलेल्या कॉड माशाचं बाकल्याउ शिजलं आणि मुलांच्या कानांवर पोर्तुगीज पडलं. भाषा टिकवण्याचं मोठं श्रेय मी या बायकांना देईन. पुढे मंडळं निघाली, लोकनृत्याचे संच निघाले, फुटबॉल क्लब निघाले. शांपिन्यीला लागून असलेल्या सॅं-मोरचा ‘लुसितानोस’ हा क्लब १९६६ चा, म्हणजे झोपडपट्टी उठायच्या आधीचा. डोक्यावर धड छप्पर नव्हतं तेव्हा या लोकांनी आपला संघ उभा केला होता. पुढे पॅरिसला पोर्तुगीज भाषेतलं रेडिओ आल्फा आलं. रेडिओवरून बोलताना मला त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही.

आणि ऑगस्ट! गणपतीला कोकणातला चाकरमानी जसा गावी निघतो, तसा ऑगस्टमध्ये हा माणूस गाड्या भरून पोर्तुगालला निघतो. कितीतरी गावांनी आपल्या जत्रा ऑगस्टमध्ये आणल्या. लग्नंही तेव्हाच. फ्रान्समधल्या कमाईतून गावात मोठी घरं बांधली गेली, फ्रेंच वळणाची, उतरत्या छपरांची. शहरातल्या शिकलेल्या पोर्तुगिजांनी या घरांना नाकं मुरडली. मला ते पटत नाही. झोपडीत राहून ज्याने वीट वीट जमवली, त्याच्या घराची चेष्टा करू नये.

राष्ट्राला मात्र या लोकांची आठवण उशिरा आली. १० जून हा महाकवी कामोइंश याचा स्मृतिदिन. कामोइंश काही वर्षं गोव्यातही राहिला होता. हुकूमशाहीत हा ‘वंशाचा दिवस’ म्हणून साजरा होई. १९७४ च्या क्रांतीने ती राजवट गेली, आणि १९७८ पासून तो पोर्तुगाल, कामोइंश आणि जगभरातल्या पोर्तुगीज समाजांचा दिवस झाला. पोर्तुगालच्या २३० जणांच्या संसदेत आता ४ जागा परदेशस्थ नागरिकांच्या आहेत. २०१६ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी हा दिवस पॅरिसला येऊन साजरा केला.

बरोबर एका महिन्याने, १० जुलैला, पॅरिसजवळच्या सॅं-दनीच्या मैदानावर युरो चषक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. फ्रान्स विरुद्ध पोर्तुगाल. याच सॅं-दनीत १९६० च्या दशकात पोर्तुगिजांच्या झोपड्या होत्या. पोर्तुगालकडून खेळणारे राफाएल गरेरो आणि आद्रियां सिल्वा फ्रान्समध्ये जन्मलेले. फ्रान्सचा ग्रीझमन पोर्तुगीज वंशाच्या आईचा मुलगा. जादा वेळेत एडरने गोल केला आणि पोर्तुगाल जिंकलं. एकाच घरात आजोबा हिरव्या-लाल झेंड्याखाली आणि नातवंडं निळ्या शर्टात, असं त्या रात्री कितीतरी ठिकाणी झालं असेल.

ते आजोबा-आजी आता थकले आहेत. गावात बांधलेलं घर वर्षातले बरेच महिने बंद असतं. परतायचं म्हणून ते बांधलं, पण मुलं-नातवंडं फ्रान्समध्ये रुजली. म्हणून कित्येक जण वर्षाची वाटणी करतात, काही महिने इकडे आणि काही तिकडे. फाटक्या फोटोची गोष्ट स्वतः जगलेली ही शेवटची पिढी आहे. तिच्या तोंडून ती ऐकून, लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवायला फार वर्षं उरलेली नाहीत. त्यांच्या नातवंडांनी हे काम आत्ताच हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.